आरसीवर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या दारात जुनी जीप उभी आहे त्यांनी सवडीनं वाचा. ज्यांच्या दारात नाही त्यांनीही वाचा, कारण आमच्या कोयनेच्या खोऱ्यात राहता म्हणजे कधी ना कधी तुम्ही असल्याच एखाद्या जीपमध्ये कोंबून बसून खाली पाटणला आलेला आहात.

जुन्या गाड्यांच्या नोंदणीची फी वाढल्यापासून मला आठवड्याला दोन-तीन तरी फोन येतात. प्रश्न एकच. "दादा, जीप ठेवावी का भंगारात घालावी?" मी काय आरटीओचा माणूस नाही, मिस्त्रीही नाही. घरात १९७४ सालची जीप आहे आणि तिची कागदपत्रं करता करता कायद्याची पुस्तकं चाळावी लागली, एवढंच माझं भांडवल. पण प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा कोरडा पडला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

पहिल्यांदा अफवा बाजूला करू. १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी बंद, हा जो वाद टीव्हीवर चालतो तो दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्राचा आहे. पाटण तालुका त्यात येत नाही. २०२१ साली केंद्रानं जे भंगार धोरण आणलं, त्यातही खासगी गाडीला अमुक वर्षं झाली म्हणून उचलून न्या असं लिहिलेलं नाही. तपासणीत पास झाली तर ती चालते. सरकारी गाड्यांचं वेगळं आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणी पुढं चालू ठेवता येत नाही, ती सरळ स्क्रॅपिंग केंद्रात जाते. आपल्याला त्याचा वेगळाच फटका बसला. पूर्वी वनखात्याची, पाटबंधारेची जीप लिलावात निघायची आणि तिच्यातनं क्राऊन, गिअरपेटी, हब, पाटे असा माल आमच्या मिस्त्र्यांना मिळायचा. तो झरा आटला.

आता फी. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. हलक्या चारचाकीला त्यासाठी पूर्वी ६०० रुपये लागायचे. एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० केले. वरनं पर्यावरण कर, विमा आणि तपासणीसाठी गाडी खाली न्यायचा एक अख्खा दिवस. रक्कम मोठी आहे, पण खरं सांगू का, लोक रकमेनं घाबरलेले नाहीत. दहा हजार पाच वर्षांत वाटले तर महिन्याला पावणेदोनशे रुपयेसुद्धा होत नाहीत. लोक घाबरलेत ते तपासणीला. कारण तिथं साहेब बॉनेट उघडून इंजिनचा नंबर बघणार, आणि आमच्याकडच्या निम्म्या जीपांचा इंजिन नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळत नाही. (निम्म्या हा माझा अंदाज. आमच्या वाडीत पाच जीपा आहेत, त्यातल्या तीन तशा आहेत.)

आरसीवर पेट्रोल, आणि बॉनेटखाली डिझेल.

हे का झालं ते समजून घेतल्याशिवाय "बेकायदा मॉडिफिकेशन" असा शिक्का मारू नका. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्रानं मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी चालू केली. मग आपण ज्याला उंच बॉनेटची जीप म्हणतो ती सीजे ३बी आली. तिचं बॉनेट उंच का? तर आतलं हरिकेन पेट्रोल इंजिन उंचीला जास्त होतं, म्हणून. २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं, सत्तर-पंचाहत्तर घोड्यांचं. आवाज गोड, थंडीत एका सेल्फला चालू. पण पेट्रोल पिण्यात त्या इंजिनाला तोड नव्हती. फोर बाय फोर टाकून घाट चढायला लागला की काटा डोळ्यादेखत खाली यायचा. पेट्रोल स्वस्त होतं तोवर निभलं. १९७३ नंतर जगभर तेल भडकलं, आणि ज्या शेतकऱ्यानं जीप भाताची पोती, खताच्या गोण्या आणि आजारी माणूस न्यायला घेतली होती त्याला ती परवडेना. कंपनीनंसुद्धा पुढं स्वतःच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं, नंतर एमएम ५४० मध्ये प्युजोचं डिझेल आलं. कंपनीनं कारखान्यात जे केलं तेच कऱ्हाड-कोल्हापूरच्या मिस्त्र्यांनी झाडाखाली केलं. फरक एवढाच की कंपनीच्या कामाला कागद होता.

आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, १९९३ साली इंजिन बदललं. अपघातात मोडलेल्या महिंद्राच्याच एका डिझेल जीपचं इंजिन पावतीसह घेतलं, बसवलं आणि रीतसर अर्ज करून आरसीवर नोंद करून आणली. आजही त्या जुन्या पुस्तकात शाईनं लिहिलेलं आहे. शेजारच्या वाडीतल्या एकानं हेच काम २००६ साली केलं. तेच इंजिन, तोच मिस्त्री, तेवढेच पैसे. त्याची गाडी आज बेकायदा आहे आणि आमची कायदेशीर. हा फरक कुठनं आला ते पुढं सांगतो, आधी इंजिन बदलणं म्हणजे काय ते बघू. कारण ज्यांना वाटतं की चार बोल्ट काढले, दुसरं इंजिन टाकलं, झालं, त्यांच्यामुळंच हा धंदा बदनाम आहे.

पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन ठेवायला जागा मिळते, ते सोपं. अवघड आहे ते इंजिन आणि गिअरपेटी यांचं लग्न. दोघांचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मधे जाड लोखंडी प्लेट लेथवर कातून घालतात. त्या प्लेटचं भोक केसभर जरी बाजूला गेलं तरी गिअरपेटीचा शाफ्ट क्रँकच्या सरळ रेषेत राहत नाही. गाडी चालते. महिनाभर छान चालते. मग क्लच थरथरायला लागतो, पुढचा बुश झिजतो, चढावर गिअर आपोआप बाहेर पडतो. मालक म्हणतो, गिअरपेटी खराब. पेटी उघडतात, हजारोंचे दात बदलतात, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. आमचे मिस्त्री प्लेट बसवल्यावर डायल गेज लावून क्रँक हातानं फिरवून बघायचे, सुई किती हलते ते. एवढ्या एका कामाला अर्धा दिवस घालवायचे आणि गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचे, "घाई असंल तर बैलगाडी घे."

मग फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ते. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा चांगलंच जड असतं आणि धडधडतंही जास्त. जुन्या ब्रॅकेटांवर ठेवलं तर चासीला तडे जातात. पुढचे पाटे बसतात, म्हणून एखाद-दुसरं पान वाढवावं लागतं. पानं वाढवली की पुढची उंची बदलते, स्टेअरिंगच्या दांड्यांचा कोन बदलतो, आणि किंगपिनची बेरिंगं आधीच ढिली असतील तर चाळीसच्या वेगाला पुढची चाकं अशी थरथरायला लागतात की स्टेअरिंग हातात राहत नाही. ज्यानं हे एकदा अनुभवलंय तो देवाचं नाव घेतल्याशिवाय उतार उतरत नाही.

वेगाचं गणित तर कुणी करतच नाही. जुन्या पेट्रोल जीपच्या मागच्या डिफरन्शिअलमध्ये आठ-त्रेचाळीसचा जोड असतो. पिनियनला ८ दात, क्राऊनला ४३. म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट जवळजवळ ५.३८ वेळा फिरतो. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेतं, तेव्हा सहाशे-सोळाच्या टायरवर गाडी ताशी नव्वदच्या पुढं जाते. डिझेल ३,२०० ला थांबतं. तेवढ्याच दातांवर गाडी अठ्ठ्याहत्तरला संपते, आणि इंजिनाला सोसेल अशा बेतानं चालवली तर साठच्या आसपास. मालकाला वाटतं इंजिनात दम नाही. तो पंप वाढवून घेतो, डिझेल जास्त सोडतो, आणि कुंभार्ली घाटात मागं काळा ढग सोडत जातो. खरा उपाय पंपात नाहीच, मागच्या गाळ्यात आहे. आठ-एकोणचाळीसचा जोड घातला की शांतपणे तेच इंजिन जास्त पळतं. पण क्राऊन-पिनियन पुढचा आणि मागचा दोन्ही बदलावा लागतो. फक्त मागचा बदलून फोर बाय फोर टाकली तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या हिशेबानं ओढतात आणि पेटीतला एखादा दात तरी शहीद होतो.

छोट्या गोष्टीही आहेत, ज्या कुणाच्या लक्षात येत नाहीत. जुन्या जीपचा वायपर विजेवर चालायचा नाही, इंजिनाच्या ओढीवर, व्हॅक्युमवर चालायचा. पेट्रोल इंजिन कार्बोरेटरमधनं हवा खेचताना मागं जी पोकळी तयार होते तिच्यावर. डिझेलला कार्बोरेटरच नाही, पोकळीही तशी नाही. इंजिन बदललं आणि वायपर गेला. मग विजेची मोटर बसवा. आमच्याकडं जुलै महिन्यात वायपर नसलेली गाडी म्हणजे डोळे बांधून चालणं. ब्रेकला बूस्टर असलेल्या गाडीत हाच प्रश्न जीवघेणा होतो, कारण तो बूस्टरही त्याच पोकळीवर चालतो. वेगळा व्हॅक्युम पंप जोडला नाही तर ब्रेक दगडासारखा कडक लागतो.

एक हकीकत सांगतो, म्हणजे मिस्त्रीपणा काय असतो ते कळेल. आमच्या वरच्या अंगाच्या गावातल्या एका वडापवाल्यानं इंजिन बदलून आणलं. सपाटीला गाडी झकास. घाटाला लागलं, वीस-पंचवीस मिनिटं गेली की दम सोडायची. थांबून बॉनेट उघडून विडी ओढली की पुन्हा चालू. एकानं सांगितलं फिल्टर, बदलला. दुसऱ्यानं सांगितलं नोझल, बदलले. तिसऱ्यानं पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला. चौथा म्हणला हेडचं पॅकिंग गेलं, हेड उतरवलं. सगळ्यात पोराचे चाळीस हजार गेले आणि गाडी तिथंच बंद पडायची. शेवटी गाडी आमच्या मिस्त्रींकडं आली. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, "बंद पडायच्या आधी धूर कसला येतो?" पोरगा म्हणला, येतच नाही. "मग आग कमी पडती. हवेचा न्हाई, डिझेलचाच खेळ हाय." मग पंपाच्या आधीची रबरी नळी काढून तिच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी लावली, इंजिन चालू केलं आणि खुर्ची टाकून बसले. पाव तासानं नळीत बारीक बुडबुडे दिसायला लागले.

कारण साधं होतं. पेट्रोल गाडीच्या टाकीतनं एकच नळी निघते, इंजिनाकडं जाणारी. डिझेलला दोन लागतात, कारण नोझलमधनं उरलेलं डिझेल टाकीकडं परत जावं लागतं. आधीच्या मिस्त्र्यानं टाकीला दुसरं तोंड करायचा कंटाळा केला आणि परतीची नळी पंपाच्या आधीच्या नळीलाच जोडून टाकली. तेच तेच डिझेल फिरत राहायचं, तापायचं, नोझलकडनं येणारी हवा त्यातच अडकायची. सपाटीला चालून जायचं, चढावर इंजिनानं जास्त मागितलं की पंपाला हवा मिळायची. टाकीला एक तोंड वेल्डिंग करून (टाकी आधी रिकामी करून, पाण्यानं भरून, हे सांगायला नको) नळी तिथं सोडली. दीडशे रुपयांचं काम.

धुराचा हिशेब त्यांनी मला एकदा शिकवला तो तुम्हालाही देऊन ठेवतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर आधी बघा. निळा म्हणजे ऑईल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह. पांढरा आणि डोळ्याला झोंबणारा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. पांढरा पण वाफेसारखा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे, म्हणजे हेडचं पॅकिंग. ऑईल भरायचं झाकण काढून चालू इंजिनावर नुसतं ठेवा, ते नाचून उडालं तर इंजिनाचं बोअर झिजलंय. या सगळ्याला एक रुपया लागत नाही. कॉम्प्युटर जोडायला या इंजिनात वायरही नाही.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. २००० सालापर्यंत त्याचा अर्थ साधारण असा होता की आधी कळवा, परवानगी घ्या, बदल करा, नोंद करून घ्या. आप्पांनी १९९३ ला तेच केलं. २००० च्या दुरुस्तीनं ते दार जवळजवळ बंद झालं. आरसीवरचा तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळला नाही असा बदल मालकानं करायचा नाही. इंधन बदलायला सवलत आहे, पण ती मंजूर किटपुरती: सीएनजी, एलपीजी, बॅटरी, सौर ऊर्जासुद्धा. म्हणजे माझ्या १९७४ च्या जीपवर कायद्यानुसार मी सूर्यावर चालणारं किट लावू शकतो, मंजूर किट मिळालं तर. डिझेलवर नेणारा माणूस मात्र गुन्हेगार. मोठा ताफा बाळगणाऱ्या वाहनमालकांना त्याच जातीचं, त्याच कंपनीचं इंजिन परवानगीशिवाय बदलायची मुभा राज्य सरकार देऊ शकतं, अशीही सोय त्याच कलमात आहे. एक जीप असणाऱ्याला नाही. बदल केला असेल तर १४ दिवसांत कळवायचं, हेही त्याच कलमात. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ तपशिलाशी विसंगत रचना केलेल्या वाहनाची नोंदणी करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि मनाई असलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

हेतू चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीहून ज्या चकचकीत उघड्या जीपा येतात, ट्रॅक्टरएवढी टायरं, डोळे फोडणाऱ्या लाईटी, फटाके फोडणारा सायलेन्सर, आणि ब्रेक तेच पन्नास वर्षांपूर्वीचे चार ड्रम. दीडपट ताकदीचं इंजिन आणि थांबायची सोय जुनीच. त्या गाड्या गणपतीच्या मिरवणुकीत पोरांच्या गर्दीतनं जातात तेव्हा माझ्याही पोटात गोळा येतो. त्या उचलून न्या, मी टाळ्या वाजवीन. शिवाय चोरीचं इंजिन जुन्या गाडीत घालून जिरवणारेही आहेत. नंबर जुळलाच पाहिजे हा आग्रह त्यासाठी योग्यच आहे.

पण आत्ता होतंय काय ते बघा. आमचा तो २००६ वाला पीयूसी काढायला गेला. पेट्रोलची तपासणी वेगळी असते, धुरातला कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेलची वेगळी, धुराची घनता मोजतात. संगणकावर गाडीचा नंबर टाकला की पेट्रोल असं येतं. डिझेल गाडीची पेट्रोल म्हणून तपासणी करायची कशी? मग पीयूसी निघत नाही, किंवा निघतं तेव्हा ते कसं निघालं हे विचारू नये असं निघतं. म्हणजे ज्या गाडीच्या धुराची सगळ्यात जास्त काळजी करायला हवी, तिचाच धूर कुणी मोजत नाही. तपासणीला गेलं तर पकडले जाऊ म्हणून मालक तपासणीला जात नाही, म्हणजे ब्रेकही कुणी बघत नाही. नोंदणी संपते. नोंदणी नाही म्हणून विमा नाही, किंवा विमा आहे पण पेट्रोल गाडीचा. उद्या ही जीप घाटात उलटली आणि आतल्या बाईचा पाय गेला, तर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा तयार. त्या बाईनं कोणतं मॉडिफिकेशन केलं होतं?

आणि या गाड्या हौसेच्या नाहीत. १०८ ची रुग्णवाहिका डांबरी रस्ता संपतो तिथं थांबते, तिचा दोष नाही, तिची घडणच तशी. तिथपर्यंत पेशंट आणते ती ही जीप. पावसात ओढ्याच्या दगडांवरनं लो गिअरमध्ये जाते ती हीच. निवडणुकीला मतदान यंत्रं आणि कर्मचारी वरच्या केंद्रावर न्यायचे असतात तेव्हा हीच जीप सरकारी कामाला चालते, तेव्हा बॉनेट उघडा असं कुणी म्हणत नाही. नवी फोर बाय फोर घ्या म्हणणाऱ्यांनी तिची किंमत आणि आमच्या भाताचा भाव दोन्ही एका कागदावर लिहून बघावेत.

विंटेज म्हणून नोंदवा, असाही सल्ला येतो. २०२१ चा तो नियम वाचलाय मी. गाडी ५० वर्षांवरची हवी, आमची आहे. पण मूळ रूपात हवी, इंजिन-चासीत मोठा बदल नको, आणि रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शनाला न्यायची. वीस हजार भरून जीप शोभेला ठेवायची आणि शेणखत डोक्यावर न्यायचं, असा तो प्रकार होईल.

म्हणून आपण काही मंडळींनी मिळून एक अर्ज तयार केलाय, आमदार आणि परिवहन आयुक्त कार्यालय दोघांना द्यायचा. मागणी फार नाही. डोंगरी तालुक्यांतल्या ज्या जुन्या जीपांमध्ये आधीच इंजिन बदललेलं आहे, त्यांना एकदाच खरं सांगायची मुदत द्या. इंजिनाची पावती किंवा चोरीचं नसल्याचा पोलीस दाखला घ्या. मग गाडी कडक तपासा: ब्रेक, स्टेअरिंग, फाउंडेशन, चासीचं वेल्डिंग, धुराची घनता. नापास झाली तर खुशाल भंगारात घाला, एक शब्द बोलणार नाही. पास झाली तर आरसीवर जे बॉनेटखाली आहे ते लिहा. त्याच कंपनीच्या कोणत्या जीपला कोणतं इंजिन सुरक्षित बसतं याची यादी करणं अशक्य नाही, देशभरातल्या गाड्या जिथं तपासल्या जातात ती एआरएआय संस्था आपल्याच पुण्यात आहे. कायदा केंद्राचा आहे हे मला कळतं, पण केंद्राकडं शिफारस तर राज्यच करणार.

अर्जात शेवटी आयटीआयचाही मुद्दा घातलाय. आमचे मिस्त्री गेल्या वर्षी थकले, दुकान बंद केलं. त्यांच्या हाताखालची दोन्ही पोरं पुण्याला सर्व्हिस सेंटरला लागली, स्कॅनर लावून पार्ट बदलतात, चांगला पगार आहे, त्यांचं बरोबरच आहे. पण डायल गेज लावून प्लेट बसवणारा माणूस आता खोऱ्यात उरला नाही. नव्यानं इंजिन बदलणारे येतात ते वेल्डिंगवाले. त्यामुळं पुढच्या दहा वर्षांत या गाड्या आजच्यापेक्षा जास्त धोकादायक होणार आहेत, आणि तपासणी नसल्यामुळं कुणाला कळणारही नाही.

तोवर माझा वैयक्तिक सल्ला. आत्ता कुणी इंजिन बदलायच्या बेतात असाल तर थांबा. आधी लेखी विचारा. त्याच कंपनीचं, त्याच जातीचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर परवानगीचा मार्ग आहे, तोच धरा आणि पावतीशिवाय इंजिन उचलू नका. आधीच बदललेलं असेल तर किमान ब्रेक आणि वायपर नीट ठेवा आणि माणसं मोजून भरा.

अर्जावर सह्या रविवारी सकाळी दहापासून ग्रामपंचायतीच्या आवारात. येताना आरसीची झेरॉक्स आणि इंजिन नंबरचा फोटो आणा. नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो, पण वर पन्नास वर्षांचं ऑईल आणि माती बसलेली असते. डिझेलच्या फडक्यानं घासून पुसा, मग दिसतो. खडूची पूड चोळली तर फोटोत आणखी स्पष्ट येतो.